शांततेचा वाटा

मनःशांती हरवली आहे, ही तक्रार आज समाजाच्या कोणत्याही थरात ऐकू येते. बँकेतील कारकून, संगणकापुढे दहा-बारा तास बसणारा अभियंता, पाळ्यांमागून पाळ्या करणारी परिचारिका, स्पर्धा परीक्षेसाठी शहरातल्या खोलीत कोंडून घेतलेला खेड्यातला मुलगा, या सर्वांच्या तोंडी एकच वाक्य असते : डोक्याला शांतता नाही. या तक्रारीवर उपाय सुचविणारेही उदंड झाले आहेत. कोणी प्राणायाम सांगतो, कोणी ध्यान, कोणी मोबाईलवरील दहा मिनिटांची ध्वनिफीत. डोंगरकुशीतल्या विश्रामधामांत दोन दिवसांची शांतता हजारो रुपयांना विकत मिळते. कंपन्याही मागे नाहीत. वर्षभर कर्मचाऱ्याची झोप हिरावून घ्यावयाची आणि वर्षातून एकदा तणावमुक्तीवर तासाभराचे व्याख्यान ठेवावयाचे, अशी रीत आता सर्वमान्य झाली आहे.

या साऱ्या उपायांत एक गृहीतक दडलेले असते. अशांती माणसाच्या मनात निर्माण होते आणि म्हणून ती त्याने आपल्या मनातच दूर करावयाची, असे ते गृहीतक आहे. हे पूर्णतः खोटे आहे असे म्हणण्याचा उतावीळपणा करण्याचे कारण नाही. मनाला वळण लावावे लागते, हा सर्व धर्मांतील साधकांचा अनुभव आहे आणि तो तुच्छ लेखण्यासारखा नाही. परंतु डोके शांत होण्यासाठी आधी काही गोष्टी हाताशी असाव्या लागतात. थोडा मोकळा वेळ लागतो, गोंगाट नसलेली थोडी जागा लागते आणि उद्याची भाकरी मिळेल एवढा भरवसा लागतो. या तिन्ही गोष्टी आपल्या समाजात फार विषम प्रमाणात वाटल्या गेल्या आहेत. म्हणून मनःशांतीचा प्रश्न अध्यात्माचा जितका आहे तितकाच तो वाटपाचाही आहे, आणि ज्यांना समतेची चाड आहे त्यांनी तो बुवा-महाराजांवर आणि बाजारावर सोपवून मोकळे होणे योग्य नाही.

वेळ कोणाजवळ आहे?

विश्रांतीचा हक्क या देशात कोणी आपण होऊन दिलेला नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या गिरण्यांत कामगार सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत आणि आठवड्याचा एकही दिवस त्यांच्या हक्काचा नसे. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, 'दीनबंधू'तून हा प्रश्न लावून धरला आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्या मागणीमागचे एक कारण म्हणून सांगितले जाते. यातील मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. कामगाराने केवळ थकलेल्या शरीरासाठी सुटी मागितली नव्हती. देवाला जावे, लेकराबाळांत बसावे, चार माणसांत सुखदुःख बोलावे, आपल्या समाजाचे काही काम करावे, यासाठी त्याला तो दिवस हवा होता. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःसाठी ही जगभरच्या कामगारांची मागणी आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९१९ साली आपल्या पहिल्याच करारात आठ तासांच्या रूपाने स्वीकारली, तिच्या मुळाशीही हीच भावना होती. त्या शेवटच्या आठ तासांत माणूस हा माणूस असतो. उरलेल्या वेळेत तो बहुतेक करून यंत्राचा एक भाग किंवा झोपलेला देह असतो.

आज हे तास पुन्हा कुरतडले जात आहेत. आठवड्याला ७० तास काम करावे, असा सल्ला देशातील एका नामवंत उद्योगपतीने २०२३ साली तरुणांना दिला. २०२५ च्या आरंभी दुसऱ्या एका उद्योगप्रमुखाने तो आकडा ९० वर नेला. ही केवळ बोलाची कढी राहिली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची कमाल मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर आणि दुकाने व आस्थापनांतील ती ९ वरून १० वर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे आणि जादा कामाला जादा मोबदला मिळेल, असे समर्थन त्यावेळी करण्यात आले. कागदावर हिशेब जुळतो. परंतु बारा तासांच्या पाळीला जाण्यायेण्याचे तीन तास जोडले, म्हणजे वसई-विरारहून किंवा कल्याण-डोंबिवलीहून निघणाऱ्या माणसाच्या वाट्याला दिवसाचे जे नऊ तास उरतात, त्यांत झोप, अंघोळ, जेवण आणि घरातील कामे बसवावयाची. अशा माणसाला पहाटे उठून ध्यानाला बसण्याचा उपदेश करणे ही त्याची थट्टा होय. सुरक्षारक्षक, हॉटेलातील पोऱ्या, मोबाईलवर खणखणणाऱ्या हुकुमासरशी पाठीवर पेटी बांधून धावणारा तरुण, यांच्या बाबतीत तर कामाच्या तासांची मर्यादा मोजणारेच कोणी नसते.

आणि या सर्वांहून मागे उभी आहे ती घरातील स्त्री. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाचे २८९ मिनिटे बिनमोबदल्याच्या घरकामात जातात. घरकामात हात घालणाऱ्या पुरुषाची अशी मिनिटे ८८ भरतात. म्हणजे स्त्रीची रोजची जवळजवळ पाच तासांची पाळी ही कोणत्याही हजेरीपटावर नसते. मुलांची आणि आजाऱ्यांची देखभाल यात धरलेली नाही. ती बाहेर नोकरी करीत असेल तर ही दुसरी पाळी ठरते. संध्याकाळी घरी परतून 'मला जरा शांत बसू दे' असे म्हणणाऱ्या कार्यकर्त्याने आपली शांतता कोणाच्या मिनिटांतून कापून घेतली जाते, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. जात्यावर ओव्या रचणाऱ्या जनाबाईचे आपण कौतुक करतो, ते करावेही. पण दळण सुटले नाही म्हणून तिने दळणातच देव शोधला, हे विसरून त्या दळणाचेच गोडवे गाणे हा पुरुषांच्या सोयीचा मामला आहे.

गोंगाट कोणाच्या दारात?

वेळेनंतर जागेचा प्रश्न येतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे; औद्योगिक भागासाठी ती अनुक्रमे ७५ आणि ७० आहे. डेसिबलचे माप साध्या बेरजेचे नसते. दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट होते आणि वीस डेसिबलची वाढ म्हणजे शंभरपट. ४५ च्या जागी ६५ हा आकडा दिसावयास किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात निजलेल्या मुलाच्या कानावर शंभरपट तीव्रतेचा ध्वनी आदळत असतो. सततच्या आवाजाने केवळ श्रवणशक्ती जाते असे नाही. झोप तुटते, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत रस्त्यावरील वाहतुकीचा रात्रीचा आवाज ४५ डेसिबलच्या आत ठेवण्याची शिफारस आहे. आपल्या महामार्गांच्या आणि उड्डाणपुलांच्या कडेला, रेल्वेरुळांच्या लगत, कारखान्यांच्या भिंतीला भिंत लावून कोणाच्या वस्त्या आहेत? ज्याच्याजवळ पैसा आहे तो दुहेरी काचेच्या खिडक्या लावून, वातानुकूलित खोलीत शांतता निर्माण करू शकतो. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या सहा जणांच्या कुटुंबाला तशी सोय नसते. तेथे शेजारच्या दूरदर्शन संचाचा आवाजही आपलाच असतो आणि अभ्यासाला बसलेल्या मुलीला कान झाकून घेण्यापलीकडे उपाय नसतो.

सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी ध्वनिप्रदूषणावर जो महत्त्वाचा निर्णय दिला, त्यामागच्या अर्जाची हकिकत प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असावयास हवी. एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार होत असता तिने फोडलेला टाहो शेजारच्या ध्वनिक्षेपकाच्या संगीतात बुडून गेला. नंतर तिने स्वतःला जाळून घेतले. कर्कश गोंगाट हा केवळ नाजूक कानांच्या मंडळींचा त्रास आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी या घटनेवर क्षणभर थांबावे. ज्या वस्तीत माणसाची हाक माणसाला ऐकू येत नाही, त्या वस्तीत आधी दुबळ्याचा आवाज मरतो.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घ्यावयास हवा. सण-उत्सव हा गरिबाच्या आयुष्यातील आनंदाचा एकुलता एक मोकळा दिवस. त्याच्या ढोल-ताशावर सुशिक्षित वर्गाने नाक मुरडावे हा उच्चवर्गीय तुसडेपणा नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. पण कष्टकऱ्याचा आनंद आणि भाड्याने आणलेल्या ध्वनिभिंतींचा दणदणाट या दोन गोष्टी एक नव्हेत. ढोल वाजविणारा माणूस थकतो, थांबतो, शेजाऱ्याकडे पाहतो. विजेवर चालणारी भिंत थकत नाही. ती भिंत बहुधा ज्या पुढाऱ्याच्या देणगीतून उभी राहते, त्याचे स्वतःचे घर त्या गल्लीत नसते. त्या गल्लीत असते बाळंतीण, दम्याचा म्हातारा आणि रात्रपाळीवरून आलेला कामगार. उत्सवाच्या ठरावीक दिवसांसाठी मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची तरतूद, वर्षाला पंधरा दिवसांच्या मर्यादेत, नियमांत आहेच. कायदा आनंदाच्या आड येत नाही. तो त्याला शेजाऱ्याची आठवण करून देतो.

आपल्या महाराष्ट्रापुढे याचे उदाहरण शतकानुशतके आहे. आषाढीची वारी आळंदीहून निघते आणि सुमारे अडीचशे किलोमीटर चालत पंढरपुरास पोचते. तिच्यात टाळ आहेत, मृदंग आहे, हजारो कंठांतून निघणारा नामघोष आहे. तरीही वारीत गेलेला माणूस शांत होऊन परततो. तेथील आवाज माणसाच्या श्वासातून आणि हातातून निघतो, पावलांच्या तालाशी बांधलेला असतो आणि त्यात प्रत्येकाचा वाटा असतो. ध्वनिक्षेपक मात्र एकाला वक्ता आणि हजारांना मुके श्रोते बनवितो.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. शांततेची मागणी ही परधर्मीयाचा आवाज बंद करण्याचे हत्यार बनू शकते. २०२२ साली मशिदींवरील भोंग्यांच्या निमित्ताने महाराष्ट्रात जे वातावरण तापविण्यात आले, त्यात ध्वनिप्रदूषणाची कळकळ किती आणि मतांचा हिशेब किती, हे कोणापासून लपलेले नाही. एकाच्या भोंग्याला उत्तर म्हणून दुसऱ्याने आणखी मोठा भोंगा लावावयाचा, ही शांततेची मागणीच नव्हे. न्यायालयांनी या बाबतीत घेतलेली भूमिका स्वच्छ आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली चेन्नईच्या एका प्रार्थनागृहाच्या प्रकरणात स्पष्ट केले, की ध्वनिवर्धक लावून इतरांची शांतता भंगविण्याचा आदेश कोणताही धर्म देत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२५ मध्ये हेच सूत्र सर्व धर्मस्थळांना सारखे लावले. मंदिर, मशीद, चर्च, उत्सवमंडप आणि राजकीय व्यासपीठ यांना एकच माप, ही समतावादी माणसाची भूमिका असली पाहिजे. आणि ती मांडताना आरंभ स्वतःपासून करावयास हवा.

मौन आणि मूकपणा

आता प्रश्नाच्या आतल्या अंगाकडे वळू. वेळ मिळाला, जागा मिळाली, म्हणजे माणूस आपोआप शांत होतो असे नाही. तसे असते तर सुखवस्तू वर्गाला झोपेच्या गोळ्या लागल्या नसत्या. हाती आलेल्या मोकळ्या वेळावर बाजार टपून बसलेला आहे. मोबाईलचा पडदा माणसाचा प्रत्येक रिकामा क्षण विकत घेऊ पाहतो. म्हणून अंतर्मुख होण्याची सवय ही कमवावीच लागते. चळवळीच्या काही वर्तुळांत अध्यात्म हा शब्द उच्चारताच भुवया वर जातात. धर्माला अफू म्हणणारे मार्क्सचे १८४४ सालचे वाक्य सर्वांना पाठ असते. त्याच परिच्छेदात पीडितांच्या वेदनेविषयी त्याने दाखविलेली समज मात्र क्वचितच कोणी ध्यानात घेते. वेदना खरी आहे म्हणूनच माणूस आधार शोधतो. तो आधार भोंदू माणसाच्या हाती पडावा की विवेकी माणसाच्या, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो.

भारतीय समाजवादी परंपरेने या प्रश्नाकडे पाठ फिरविलेली नाही. आचार्य नरेंद्र देव हे समाजवादाचे भाष्यकार होते तसेच बौद्ध दर्शनाचे थोर अभ्यासकही होते. १९४२ नंतर अहमदनगरच्या किल्ल्यातील बंदिवासातही त्यांची ही साधना चालू राहिली आणि त्यांचा 'बौद्ध धर्म-दर्शन' हा ग्रंथ १९५६ साली प्रसिद्ध झाला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली, म्हणूनच 'गीता प्रवचने' हा ग्रंथ महाराष्ट्राला मिळाला. ज्या माणसांनी राज्यसत्तेशी झुंज घेतली, त्यांनी तुरुंगातील एकांताचा उपयोग मन घडविण्यासाठी केला. आणि ते घडलेले मन घेऊन गुरुजी गुहेत जाऊन बसले नाहीत. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केले. चोखोबा ज्या दाराबाहेर उभा राहिला, ते दार सहाशे वर्षांनी उघडले. विठ्ठलाच्या पायाशी मिळणारी शांतताही काही जातींनी आपल्या मालकीची करून ठेवली होती. ती सर्वांच्या वाट्याला यावी म्हणून एका हळव्या माणसाने जी झुंज दिली, तिच्याइतके आध्यात्मिक कृत्य दुसरे कोणते असेल?

याच्या उलट बाजूचीही आठवण ठेवावयास हवी. विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभराचे मौन धरले होते. ते चालू असतानाच जून १९७५ मध्ये आणीबाणी आली, हजारो माणसे तुरुंगात डांबली गेली आणि पवनारहून 'अनुशासनपर्व' हा शब्द बाहेर पडला. आपल्याला आचार्यांचे अनुशासन अभिप्रेत होते, असा खुलासा पुढे झाला. पण तोवर सरकारने तो शब्द आपल्या भिंतींवर रंगविला होता. विनोबांच्या साधनेविषयी अनादर न बाळगताही यातून एक धडा घ्यावा लागतो. सभोवती अन्याय चालला असता साधकाचे मौन सत्ताधाऱ्यांच्या कामी येऊ शकते. शांततेच्या नावाखाली लादलेला मूकपणा आणि माणसाने स्वतः स्वीकारलेले मौन यांतील फरक ज्याला कळत नाही, त्याच्या शांतीवर फार विसंबता येत नाही.

आजही ही कसोटी लागू आहे. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात १९७६ पासून दहा-दहा दिवसांची शिबिरे होतात. त्यांना शुल्क नसते, पूर्ण मौन पाळले जाते, जातीधर्माचा भेद नसतो. १९९४ साली तिहार तुरुंगात हजारावर बंद्यांनी असे शिबिर केले. हा उपक्रम आदरास पात्र आहे. पण शुल्क नसले तरी दहा दिवसांची मजुरी बुडते, आणि तीच रोजंदारीवरील माणसाची खरी फी असते. महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना विपश्यनेसाठी रजेची सोय केली आहे. त्याच शासनाच्या कचेऱ्या झाडणारी कंत्राटी बाई मात्र या सोयीच्या बाहेर राहते. आत बसलेल्या साहेबाची शांतता आणि बाहेर झाडणाऱ्या बाईची अशांतता एकाच छपराखाली नांदतात, हे दृश्य ज्याला खुपत नाही, त्याचे ध्यान अपुरे आहे.

आपल्या हातातले

यावर चळवळीने काय करावे? मोठ्या घोषणांची गरज नाही. आपल्या सभा रात्री दहाच्या ठोक्याला संपाव्यात. रुग्णालय आणि शाळा यांच्या जवळपास कर्णे लावले जाऊ नयेत. प्रचारफेरीतील ध्वनिक्षेपकाचा आवाज मोजून ठेवावा. जो पक्ष स्वतःचा कर्णा बंद करतो, त्यालाच दुसऱ्याचा बंद करावयास सांगण्याचा अधिकार पोचतो. २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य शासनाने जाहीर केल्याखेरीज कोणताही परिसर शांतता क्षेत्र ठरत नाही. तेव्हा आपल्या गावातील सरकारी दवाखाना आणि महापालिकेची शाळा यांसाठी अशी मागणी शाखांनी लेखी करावी. प्रत्येक वस्तीत रात्री उशिरापर्यंत उघडी, पंखा आणि दिवा असलेली सार्वजनिक अभ्यासिका असावी. राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. झोपडपट्टीतल्या मुलांना शांतता पुरविण्याचे तेच सर्वांत स्वस्त साधन होय. मोलकरणींच्या संघटना वर्षानुवर्षे मागत आलेल्या पगारी साप्ताहिक सुटीमागे आपण सर्व बळ उभे करावे. लोखंड्यांच्या रविवारला सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, तरी घरोघरी भांडी घासणाऱ्या बहिणीच्या वाट्याला तो अद्याप आलेला नाही. आणि ही मागणी करणाऱ्यांनी आपल्या घरातील २८९ आणि ८८ मिनिटांतील अंतर आधी कमी करावे.

कार्यकर्त्यासाठी अखेरची एक गोष्ट. मोर्चे, बैठका, निवडणुका आणि परस्परांतील कुरबुरी यांत त्याचे मन करपून जाते. मग तो कडवट होतो किंवा घरी बसतो. चळवळीने कितीतरी चांगली माणसे तुरुंगाने गमावली नाहीत इतकी अशा करपण्याने गमावली आहेत. दिवसातून अर्धा तास कोणाशी न बोलता, मोबाईल दूर ठेवून, आज आपण कोणाला दुखविले आणि कोणाच्या उपयोगी पडलो याचा विचार करीत बसावे. त्यासाठी देव मानलाच पाहिजे असे नाही. मानणाऱ्याने त्याचे नाव घ्यावे, न मानणाऱ्याने स्वतःच्या विवेकाला साक्षी ठेवावे. त्या अर्ध्या तासानंतर उठून जो माणूस पुन्हा वस्तीत जातो आणि ज्यांना असा अर्धा तास मिळत नाही त्यांच्यासाठी झगडतो, त्याची शांती कोणत्याही गोंगाटात सहजी मोडणार नाही.